हात आधी कुणी खाली घ्यायचे

खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. वारज्याच्या शेडमधून मला बाहेर काढताना आलिमाने माझ्या अंगाभोवती गोणपाट गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि तोंड झाकायच्या आधी कानाशी येऊन म्हणाली, "बाई, नानांना सांगू नकोस हं. कुणालाच सांगू नकोस." मी मान डोलावली नाही, कारण माझी मान हलत नाही. पण मी शब्द दिला, असंच तिने धरलं असणार.

नानांना तर आता कळलंय. म्हणजे निम्मा शब्द तसाही उरलेला नाही. उरलेला निम्मा मी आज मोडते आहे. हॉलचं दार उघडायला अजून थोडा वेळ आहे, आणि इतकी वर्षं माझ्या तोंडी दुसऱ्यांचेच आवाज होते. एकदा तरी स्वतःचं बोलावं म्हणते.

मी हलत्या देखाव्यातली एक बाहुली आहे. गणपतीत पुण्याच्या पेठांतून रांगेत उभं राहून तुम्ही कधी देखावे पाहिले असतील, तर मलाही पाहिलं असेल. ओळखलं नसेल, ते वेगळं. मी दर वर्षी निराळी बाई असायचे.

मला मैनुद्दीन यांनी घडवलं. मंडळाचे कार्यकर्ते त्यांना मैनूचाचा म्हणतात, त्यांच्या लेकीची लेक आलिमा त्यांना नाना म्हणते, आणि मीही मनातल्या मनात नानाच म्हणते. खोक्यांच्या फळ्या जोडून त्यांनी माझा सांगाडा केला, त्यावर काथ्या आणि गोणपाट बांधलं, वर कागदाच्या लगद्याचे थर दिले. चेहरा रंगवायला रंगारी आला, तेव्हा नानांनी त्याला बजावलं, "ना हसरा ना रडका. दर वर्षी कामाला यायला पाहिजे."

रंगाऱ्याने त्यांचं ऐकलं. म्हणून मी अशी दिसते, की आत्ता काहीतरी विचारीन, आणि मग 'राहू दे' म्हणीन.

माझा डावा हात कमरेवर ठेवलेला होता, तो तिथेच चिकटलेला. उजवा मात्र खांद्यातून हलायचा. माझ्या पाठीला एक छोटं झाकण आहे. त्याच्या आत नानांनी जुन्या मोटारगाडीच्या वायपरची मोटर बसवली. पावसात काच पुसणारी ती मोटर. तिला एवढंच ठाऊक, जायचं आणि यायचं. त्यामुळे माझ्या हातालाही तेवढंच आलं, वर जायचं आणि खाली यायचं.

ती चाल नानांनी स्वतःच्या हातावरून लावली. माझ्या मागे उभे राहून ते आपला उजवा हात हळूहळू वर न्यायचे, थोडा थांबवायचे, खाली आणायचे. माझा हात पुढे गेला की म्हणायचे, "घाई काय आहे?" मागे राहिला की म्हणायचे, "झोपलीस का?" असं करत करत आमचे दोघांचे हात बरोबर चालायला लागले. मी आयुष्यात पहिली गोष्ट शिकले ती अशी.

एका हालचालीत काय काय होऊ शकतं, हे मी सांगते. पहिल्या वर्षी मी एका राजाची आई होते आणि लेकाला तलवार देत होते. दुसऱ्या वर्षी उखळात मिरच्या कांडत होते. एकदा मास्तरीण झाले. हातात छडी दिली, तर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, हल्ली पोरांना मारलेलं दाखवता येत नाही. मग छडी काढून खडू दिला. पण हात फक्त वर-खाली जायचा, त्यामुळे सगळ्या उत्सवात मी फळ्यावर एकच उभी रेघ ओढत राहिले. पोलिओच्या वर्षी मी बाळाच्या तोंडात थेंब घालत होते, आणि त्या बिचाऱ्या बाळाचं तोंड विसर्जनापर्यंत उघडंच होतं.

आवाज माझा कधीच नव्हता. तो टेपवरून यायचा. कधी जाड, कधी बारीक, कधी रडवेला. मी नर्स झाले त्या वर्षी पहिल्याच दिवशी टेपांची अदलाबदल झाली. पांढऱ्या कपड्यांत, हातात इंजेक्शन घेऊन मी गर्जना केली, "जा पुत्रा, विजयी होऊन ये." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या लोकांना चूक कळत नाही असं नाही. ती कळल्याचा आनंदच त्यांना जास्त होतो.

प्रत्येक खेळाआधी नाना माझ्या पाठीवर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "चल बाई, पब्लिक आलं." मग अंधार व्हायचा, टेप सुरू व्हायची, माझ्यावर दिवा पडायचा आणि हात वर जायचा.

नाना कायम पडद्यामागे असायचे. माझ्या पाठीवरचा खिळा न् खिळा ते अंधारात हाताने ओळखायचे. शेडमध्ये त्यांनी मला पुढून पाहिलं असेल, पण तिथे मी नुसतं लाकूड. दिवे लागलेले असताना, हात हलत असताना, पुढून त्यांनी मला कधीच पाहिलं नाही. मोटर अडकली तर? टेप तुटली तर? मागे कुणीतरी हवंच.

आलिमा लहान असताना उत्सवात त्यांचा डबा घेऊन यायची, आणि मग घरी जायचंच नाव काढायची नाही. ती फार कमी बोलायची. अनोळखी माणसाने नाव विचारलं, तरी ओढणीचं टोक चावत बसायची. पडद्यामागे मात्र तिला बरं वाटायचं. तिथे तिला कुणी बघत नसे आणि तिला सगळे दिसत. पडद्याला एक भोक होतं. त्याला डोळा लावून ती माझ्याकडे नाही, पब्लिककडे बघायची.

"पुढून बघ जा," नाना म्हणायचे. "मागं काय ठेवलंय?"

"मागून जास्त दिसतं," ती म्हणायची.

नानांना ते आवडायचं नाही. एकदा यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्यांचं बोट चेपलं होतं, ते अजून नीट मिटत नाही. उत्सवात लोकांचे डोळे दिपवायचे आणि बाकीचं वर्ष शेडमध्ये पत्रे वाजताना ऐकायचे, हे त्यांनी पुरेसं केलं होतं. "माझी नात यात येणार नाही," ते चहाच्या टपरीवर सांगायचे. "ती गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसेल, हिंजवडीला. एसीत."

पुढे देखाव्यांचे दिवस फिरले. मंडळांना मोठे चमकणारे पडदे हवे झाले. त्यात हवी ती राणी दिसते आणि तिला काथ्याही लागत नाही. देखावे एकेक करून गावोगावच्या मंडळांना विकले गेले. मला मात्र नाना प्रत्येक सौद्यातून वगळायचे. "बाई सोडून," म्हणायचे. मग मलाही कुणी बोलावेना. वारज्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात मी उभी राहिले. माझ्या पोटात एका उंदरिणीने पिल्लं घातली. त्यांची मला सोबत व्हायची, हे मी कबूल करते.

आणि मग आलिमा विद्यापीठात गेली.

तिच्या अभ्यासक्रमाचं नाव समकालीन कला आणि डिजिटल तंत्रज्ञान. घरी तिने एवढंच सांगितलं, की कॉम्प्युटरचा कोर्स आहे. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं नानांनीच भरून काढलं. "कॉम्प्युटर शिकते," ते सगळ्यांना सांगत सुटले, आणि टपरीवर हिंजवडीच्या बसचं वेळापत्रकसुद्धा विचारून आले.

तिकडे आलिमा चित्रं काढत होती, कॅमेरे उघडून बघत होती, कॉम्प्युटरला सूचना लिहायला शिकत होती. तिच्या वर्गात एकाने कुंडीतल्या झाडाला तारा लावून पानाला हात लावला की सूर निघेल असं केलं होतं. एकीने आजीचे फोनवरचे निरोप पत्र्याच्या डब्यात भरले होते. झाकण उघडलं की आजी विचारायची, जेवलीस का. हे सगळं मला नंतर दिसलं. आधी मला एवढंच कळलं, की शेडचं कुलूप उघडलं, उजेड आला, आणि आलिमा माझ्यासमोर उभी राहून माझा फोटो काढतेय.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मोठं काम करायचं असतं, ते प्रदर्शनात मांडायचं आणि बाहेरून आलेले परीक्षक ते तपासतात. आलिमाचे ऋषी सर, तरुण आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधत असतात, ते मुलांना म्हणाले होते, जे तुमच्या घरात आहे तिथून सुरू करा. बाकीची मुलं भराभर बोलली. आलिमाची पाळी आली तेव्हा तिने काही न बोलता माझा फोटो दाखवला.

"ही कोण?" सरांनी विचारलं.

"बाई," आलिमा म्हणाली.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "आण तिला," म्हणाले.

म्हणून मी गोणपाटात बांधली जाऊन रिक्षात बसले. बसले म्हणजे आडवी झाले, कारण मला बसता येत नाही. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"पेशंट आहे का?"

"बाहुली आहे," आलिमा पुटपुटली.

"मग त्यांना पाय आत घ्यायला सांगा. पोलीस मला धरतील, त्यांना नाही."

कॉलेजच्या दारात मला उतरवून घ्यायला सोजरबाई धावल्या. त्या तिथे झाडलोट करतात, आणि मुलांपैकी कोण जेवलं नाही ते त्यांना चेहऱ्यावरून कळतं. "आवो, ही कुणाची लेक आनली?" म्हणत त्यांनी माझे पाय धरले.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात नवलाचे. आलिमाने आधी उंदरांचं घरटं अलगद काढून खिडकीबाहेर झाडाच्या बुंध्याशी ठेवलं. मग वायपरची मोटर काढली. ती फेकली नाही, तेल लावून डब्यात ठेवली. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून तिने छोट्या छोट्या मोटरी आणल्या आणि माझ्या खांद्यात, कोपरात, मनगटात बसवल्या. आणि एक दिवस करवत घेऊन तिने माझा डावा हात कमरेपासून सोडवला.

तुमचा हात जन्मापासून कमरेवर असता, तर तुम्हाला कळलं असतं. मी बराच वेळ तो हात कुठे ठेवावा याचाच विचार करत होते.

माझ्या गळ्यातल्या माळेत एक बारीक कॅमेरा आहे. समोर कुणी आलं, की त्याचे खांदे, कोपरं, मनगटं कुठे आहेत ते तो बघतो आणि पोटातल्या कॉम्प्युटरला सांगतो. मग समोरचा करील तसं मी करते. मी आरसा झाले, पण जरा उशिरा पोचणारा आरसा. त्या उशिरामुळेच मी माणसासारखी वाटते, असं ऋषी सर म्हणाले. मुलं माझ्यासमोर येऊन डोकं खाजवायची, हात पसरायची, नाचायची. मी एका उभ्या रेघेची मास्तरीण, आता गरब्याचे हातही करत होते.

एका सकाळी आलिमा चहा आणायला गेली होती आणि मी चालूच राहिले होते. सोजरबाई झाडू घेऊन आल्या. पहिला झाडू मारायच्या आधी त्या उगवतीच्या खिडकीकडे तोंड करून सूर्याला हात जोडतात. खिडकीच्या पुढे नेमकी मी. त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

सोजरबाईंनी डोळे उघडले आणि मला पाहिलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. त्यांनी हात खाली घेतले नाहीत, म्हणून मी घेतले नाहीत. मी घेतले नाहीत, म्हणून त्यांनी घेतले नाहीत.

आलिमा चहा घेऊन आली तेव्हा सोजरबाई कळवळून मला सांगत होत्या, "बाई, तुमी सोडा की आदी. मला अजून वरचा मजला झाडायचाय."

"सोजरमावशी, ती बाहुली आहे," आलिमा म्हणाली.

"बाहुली हाय ते मला दिसतंय की. पन तिनं हात जोडल्यावर आपन काय त्वांड फिरवायचं?"

मग सगळ्या इमारतीत हेच सुरू झालं. जो येईल तो हात जोडायचा आणि अडकायचा. ऋषी सर म्हणाले, हे छान आहे, पण गर्दीत चालणार नाही. "थोड्या वेळाने तिला हात खाली घ्यायला लाव. एका ओळीचं काम आहे."

आलिमा एरवी सरांना नाही म्हणत नाही. त्या दिवशी म्हणाली, "सर, समोरच्याचे हात जोडलेले असताना तिने आधी खाली घेतले तर... ते बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही, हे तू कॉम्प्युटरला कसं सांगणार?"

"सांगितलंय, सर."

सरांनी डोक्यावरचा चष्मा खिशात शोधला.

मी मात्र आलिमाकडे बघत होते. तिला एकच काळजी होती आणि ती गुणांची नव्हती. वर्गात कुणी नसलं की ती माझ्या पाठीचं झाकण उघडून काम करता करता माझ्याशी बोलायची. "नानांना कळलं तर, बाई? त्यांना वाटेल मी फसवलं. त्यांनी मला पडद्यामागून बाहेर काढायला एवढं केलं, आणि मी परत तिथेच येऊन उभी राहिले, असंच वाटेल ना?" तिने नानांना प्रदर्शनाचं सांगितलंच नव्हतं. सगळ्यांची माणसं येणार होती, तिचं कुणी येणार नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी कॉलेजच्या कचेरीतली मंडळी बघायला आली. त्यांत हिशेब खात्यातले एक काका होते. त्यांनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला. बाकीचे पुढे गेले, काका जागचे हलेनात.

"काका, चला," कुणीतरी म्हणालं.

"मी उभ्या जन्मात समोरच्याच्या आधी हात खाली घेतलेला नाही," काका म्हणाले. "आता एका बाहुलीपुढे घेऊ?"

काका हट्टाला पेटले. मला तर हट्ट कळतही नाही. माझा खांदा तापत गेला, जळका वास आला, आणि कट् असा आवाज होऊन उजवा हात खाली लोंबला.

"जिंकलो," काका म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "दुरुस्त होईल ना गं?"

मोटर जळली होती. तशी दुसरी आलिमाकडे होती. पण खांद्याच्या आतली खुंटीही तुटली होती. ती नानांनी आत बसवून वरून लगदा लावलेला. कुठून उघडायची ते बाहेरून कळत नव्हतं, आणि चुकीच्या जागी फोडली तर पाठ उकलणार. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक येणार होते. आलिमा माझ्या पायाशी बसली. फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला.

"नाना," ती म्हणाली, "बाईचा खांदा निखळलाय."

"पत्ता सांग," पलीकडून नाना म्हणाले.

नाना आले तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. दारात त्यांनी चपला काढल्या. पडद्यामागे जाताना ते नेहमी काढायचे. माझ्याकडे पुढून न बघता ते सरळ माझ्या पाठीशी गेले आणि खांद्यावर हात ठेवला.

"शेडमध्ये गेलो होतो मागं," ते म्हणाले. "बाई नव्हती. वाटलं, भंगारवाल्यानं नेली. तुला सांगितलं नाही. म्हटलं, पोरीचा अभ्यास आहे, उगाच वाईट वाटेल."

आलिमा रडायला लागली. नानांनी तिला रडू दिलं. मग झाकण उघडलं आणि आत डोकावले. आत हिरवे-तांबडे दिवे लुकलुकत होते.

"हे काय?"

"कॉम्प्युटर," ती नाक पुसत म्हणाली. "मी कॉम्प्युटरच शिकते, नाना. फक्त तो बाईच्या पोटात आहे."

"आधी उंदीर होते. त्यांना एवढ्या वायरी लागत नव्हत्या." नाना वाकून बघत राहिले. "मी तुला खुर्चीत बसवायला निघालो होतो. आणि तू इथे."

"मला इथेच आवडतं. मागून जास्त दिसतं."

नानांनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्या खांद्यामागे एक छोटी खूण केली, आणि पिशवीतली पटाशी आलिमापुढे धरली. "इथून उघड. खुंटी माझी आहे, ती मी करतो. आतलं मला येत नाही. ते तू कर. मी बॅटरी धरतो."

मी दोघांना इतकी वर्षं ओळखते. तोवर नेहमी नाना काम करायचे आणि आलिमा हत्यारं द्यायची. त्या दुपारी नानांनी नवी खुंटी तासून दिली, आणि पुढे आलिमा म्हणत गेली, "नाना, छोटा पाना," "नाना, उजेड इकडे," आणि ते देत गेले. मध्ये एकदा उजेड हलला तर ती म्हणाली, "झोपलात का?" मग तिची तीच दचकली. नाना हसले. माझ्या पाठीला ते हसणं कळलं.

खांदा बसला. पण काकांची गोष्ट ऐकून नाना म्हणाले, "उद्या शंभर काका येतील. परत तुटणार."

"बाई आधी हात खाली घेणार नाही, नाना. तसं बरं दिसत नाही."

"नाहीच दिसत," नाना म्हणाले. "पण देखाव्यासमोरचं पब्लिक पुढे कसं सरकायचं? आम्ही कुणाला हाकलत होतो का?"

आलिमा थांबली. पडद्याच्या भोकातून तिने ते किती वेळा पाहिलं होतं.

"लाईट," ती म्हणाली. "तुम्ही लाईट घालवायचात."

मग तिने तसं लिहिलं. आता हात जोडून थोडा वेळ झाला, की माझ्यावरचा दिवा हळूहळू मंद होतो आणि विझतो. अंधारात मी हात खाली घेते, समोरचाही घेतो. आधी कुणी घेतले ते कुणालाच दिसत नाही. कुणाचा मान जात नाही.

नानांनी दोन-तीनदा दिवा जाताना पाहिला, तोही मागूनच. "म्हणजे तू पडद्यामागं उभी राहून हे बघत होतीस," ते म्हणाले. चपला घालताना परत वळले. "उद्या येतो. पुढून."

"आधीच या ना, नाना. रांगेत कशाला?"

"पब्लिक रांगेतनंच येतं."

तर आज तो दिवस आहे. सोजरबाईंनी आज उगवतीच्याही आधी मलाच नमस्कार करून घेतला. हॉलच्या दाराला काच आहे, तिच्यातून मला रांग दिसते. पुढे दोन परीक्षक, मग ऋषी सर चष्मा शोधताना, मग हिशेबाचे काका, आणि त्यांच्या मागे नाना. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस विंचरलेले. सोजरबाई त्यांना काहीतरी समजावतायत. हातवाऱ्यांवरून कळतंय, की बाईचा खांदा नवा हाय, जरा बेतानं. नाना मान डोलावतायत, जणू माझा खांदा त्यांनी कधी पाहिलाच नाही.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्याही माळ्यावर किंवा शेडमध्ये कुणीतरी गोणपाटाखाली उभं असेल. त्याला बाहेर काढा आणि एकदा पुढून बघा. आणि ज्यांनी जन्मभर मागे उभं राहून तुमच्यावर उजेड पाडला, त्यांनाही कधीतरी पुढे बोलवा. आलिमाला ते सांगायचं धाडस होत नव्हतं, खांदा तुटला म्हणून झालं. तुम्ही काही तुटायची वाट बघू नका.

नाना माझ्यासमोर येऊन काय करतील, याचाच मी सकाळपासून विचार करतेय. हात जोडतील? सलाम करतील? की पाठीमागे हात बांधून नुसते उभे राहतील? मला वाटतं, ते काही न बोलता उजवा हात हळूहळू वर नेतील, थोडा थांबवतील आणि खाली आणतील. तसं त्यांनी केलं, तर मला माळेतला कॅमेरा लागणार नाही, आलिमाचा कॉम्प्युटरही लागणार नाही, कारण तो हात मला पहिल्यापासून...

पाठीवर दोनदा टकटक झाली. या खेपेला बोटं लहान होती.

"चल बाई," आलिमा म्हणाली, "पब्लिक आलं."